मामांचा प्रश्न

आमच्या पेडण्याच्या घराला लागून पत्र्याचे एक छप्पर होते आणि त्याखाली आमची अँबॅसडर मोटार उभी असे. त्या छपराखालच्या सारवलेल्या जमिनीवर एक काळा डाग होता. आई चार दिवसांनी त्यावर शेणाचा हात फिरवी आणि दोन दिवसांत डाग पुन्हा वर येई. "तुमच्या गाडीला पाझर फुटला आहे," असे ती वडिलांना म्हणे. वडील शिक्षकी पेशातून निवृत्त झालेले. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेतला मोठा भाग घालून त्यांनी ही जुनी मोटार घेतली होती. दादा ती भाड्याने चालवी, आणि त्या भाड्यावर आमचे घर व माझे कॉलेज चाले. त्यामुळे तो डाग केवळ आईच्या सारवणाचा प्रश्न नव्हता.

अँबॅसडर ही त्या काळी आपल्या देशातल्या रस्त्यांची सम्राज्ञीच होती. इंग्लंडातल्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घडवलेली ही मोटार बंगालमधील उत्तरपाडा येथे १९५७ पासून तयार होऊ लागली आणि २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. आमच्या गाडीचे इंजिन १४८९ सी.सी.चे, पेट्रोलवर चालणारे. या इंजिनाच्या तोंडाशी दाबपत्र्याचे एक झाकण असते, त्याला टायमिंग कव्हर म्हणतात. त्याच्या आत क्रँकला आणि कॅमला जोडणारी साखळी फिरत असते. झाकण आणि इंजिन यांच्यामध्ये कागदाचे पातळ पॅकिंग असते, आणि क्रँकची पुली जिथून बाहेर येते तिथे तेल अडवणारे सील असते. आमचा पाझर तिथलाच होता. एका गॅरेजात तो थांबवण्यासाठी बोल्ट इतके आवळले गेले, की भोकांभोवती पत्रा आत दबला आणि दोन बोल्टांमधला भाग वर उचलला गेला. आवळावे तितके तेल अधिकच गळू लागले.

हे १९८४ सालचे. चवथ आठ दिवसांवर आली होती. मुंबईहून गावी येणाऱ्या दोन कुटुंबांची भाडी दादाने घेतली होती आणि त्यांची आगाऊ रक्कम सुट्या भागांत खर्चही झाली होती. अशा वेळी इंजिनाच्या पोटातून बारीक खडखड ऐकू येऊ लागली. दादाने गाडी थेट डिचोलीला मामांकडे नेली. मला सुट्टी होती, म्हणून मीही गेलो.

मामांचे गॅरेज डिचोलीच्या रस्त्यालगत होते. खाणींवरून सारमानसच्या धक्क्याकडे खनिज वाहणारे ट्रक दिवसभर तिथून जात. पुढे ते खनिज बार्जेसमधून मांडवीच्या पाण्याने मुरगाव बंदरात जाई. पावसाळ्यात रस्त्यावर तांबडा चिखल असे, उन्हाळ्यात तांबडी धूळ. मामांची सारी हयात त्या ट्रकांच्या इंजिनांत गेली होती. ते म्हणत, "इथली धूळ म्हणजे बारीक कानस आहे. तेलात गेली की बेअरिंग घासून खाते. म्हणून आधी पुसावे, मग उघडावे."

त्यांनी इंजिन चेनपुलीने बाहेर काढून लाकडी ठोकळ्यांवर ठेवले. चेंबर उतरवला, ऑइल पंप सोडवला. पंपाची चाके झिजलेली होती आणि बेअरिंगनाही ओरखडे आले होते. नवा पंप आणि नवी बेअरिंगे म्हापशाहून आणली. मग बसवण्याचे काम सुरू झाले. मामा ते करीत असताना पाहणे हे मला एखाद्या पूजेसारखे वाटले. जुने पॅकिंग खरवडायला त्यांनी पोलादी पाते घेतले नाही, तर बांबूची चपटी काडी घेतली. पोलादाने पृष्ठभागावर चरे पडतात आणि त्या चऱ्यांतून तेल वाट काढते. झाकणाच्या भोकांभोवतीचा दबलेला पत्रा त्यांनी सपाट लोखंडावर ठेवून हलक्या हातोडीने सरळ केला आणि काचेवर ठेवून पाहिला. पॅकिंगचा कागद झाकणावर पसरून कडेकडेने हातोडीच्या गोल तोंडाने हळूहळू ठोकला. कडेने कागद आपोआप तुटत गेला आणि झाकणाच्या आकाराचे पॅकिंग हातात आले. चेंबरचे बुचाच्या लाकडाचे पॅकिंग सुकून आखडले होते, ते त्यांनी थोडा वेळ पाण्यात भिजवले आणि ते पुन्हा मापात आले.

"झाकण आधी आवळायचे नाही," ते सांगत होते. "दोन्ही चाकांवरची टिंबे समोरासमोर आहेत ना, ते पाहा. तेल उडवणाऱ्या चकतीवर एफ अक्षर आहे, ते बाहेरच्या बाजूला. पॅकिंग ग्रीसने चिकटव. मग झाकण ठेवून सगळे बोल्ट नुसत्या बोटांनी लाव. पुलीच्या दांड्याला तेल लावून ती हलके फिरवत सीलमध्ये घाल. पुलीमुळे झाकण आपोआप मध्यावर येते. मगच बोल्ट आवळायचे, समोरासमोरचे, थोडे थोडे. आधी आवळलेस तर सील एका अंगाला दबेल आणि महिन्याभरात फाटेल."

त्याआधी पंप बसवायचा होता. पंप आणि इंजिन यांच्यामध्येही एक छोटे कागदी पॅकिंग असते. मामा दुसऱ्या गाडीकडे वळले होते. पंप बसवण्याचे काम त्यांनी माझ्यावर सोपवले. मी पॅकिंग स्टडांवर घालताना घाई केली आणि ते एका भोकापाशी फाटले. दुसरे पॅकिंग नव्हते, कागदाचा तुकडाही उरला नव्हता. बाहेर पाऊस कोसळत होता आणि दुकाने मिटली होती. मी फाटलेले तुकडे जुळवले, त्यांवर दोन्ही अंगांनी भरपूर शेलॅक फासले आणि पंप बसवून नट आवळले. वरून काहीच दिसत नव्हते. चेंबर चढला, झाकण चढले, इंजिन गाडीत गेले, तेल भरले. अंधार पडला म्हणून गाडी सुरू करण्याचे काम सकाळवर ठेवले.

पाने पुसून ठेवताना मामांनी सर्वांकडे पाहिले आणि रोजच्या सवयीने विचारले, "काही सांगायचे राहिले आहे का?" गॅरेजातल्या एका पोराने एक वॉशर हरवल्याचे सांगितले. मी काही बोललो नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही. झाकणाचे पॅकिंग फाटले तर तेल जमिनीवर पडते, आई डाग पाहते, सर्वांना कळते. पंपाचे पॅकिंग फाटले तर एक थेंबही बाहेर येत नाही. पंपाने वर ढकललेले तेल बेअरिंगपर्यंत पोहोचण्याआधीच त्या फटीतून पुन्हा चेंबरमध्ये पडते. मापपट्टीवर तेल पुरेपूर दिसते आणि बेअरिंग मात्र कोरडे पडत जाते. शिवाय जादा फासलेले शेलॅक आत दाबले जाते. त्याचा लपका सुटून तेलाच्या वाटेत अडकू शकतो. हे सारे मामांनीच दिवसभरात मला सांगितले होते. दादा त्या गाडीत लहान मुलांना बसवून घाट चढणार होता.

पहाटे मामा अंगणात दात घासत होते. मी जाऊन सांगितले. त्यांनी चूळ भरली, क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि एवढेच म्हणाले, "दादाला उठव. इंजिन उतरवायचे आहे."

दादा माझ्यावर फार चिडला, आणि त्याचा राग न्याय्य होता. दिवस पुन्हा मोडला. चेंबर खाली आला तेव्हा पंपाच्या सांध्यातून शेलॅकची एक जाड कड तेलाच्या छिद्राकडे पुढे आलेली आम्ही तिघांनी पाहिली. मामा काही बोलले नाहीत. नवा कागद आणला, पॅकिंग कापले आणि ते माझ्याच हातात दिले. या वेळी मी ते बोटांनी, हळू, चारदा जुळवून बसवले. पंपात आधी तेल भरले, म्हणजे पहिल्या फेऱ्यांत तो कोरडा फिरू नये. संध्याकाळी प्लग काढून इंजिन हाताने फिरवले. दाब मोजण्याच्या घड्याळाचा काटा हलला, तेव्हाच मामांनी प्लग लावून इंजिन सुरू करू दिले. झाकणाखाली त्यांनी कोरे वर्तमानपत्र पसरले होते. अर्ध्या तासानंतरही ते कोरेच होते.

पहिले भाडे आमच्या हातून गेले. ती आगाऊ रक्कम वडिलांनी उसनी आणून परत केली आणि त्या वर्षी आमच्या घरी चवथीला नवे कपडे आले नाहीत. वडिलांना कारण कळले तेव्हा मी खाली मान घालून उभा होतो. ते म्हणाले, "पैसे फिटतील." मामांचे उसने त्यांनी कार्तिकात फेडले. मामांनी दुसऱ्या दिवसाच्या कामाचे पैसे मात्र घेतले नाहीत. "तो दिवस मी शिकवणीत धरला," असे ते म्हणाले.

त्या गाडीने आणखी नऊ वर्षे आमचे घर चालवले. मी पुढे बँकेत लागलो. पाना हातात धरण्याचा प्रसंग पुन्हा क्वचितच आला. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या, तेव्हा डिचोलीच्या रस्त्यावरचे ट्रक ओळीने उभे राहिले आणि मामांच्या गॅरेजातला आवाजही थांबला. नंतर खाणी काही काळ सुरू झाल्या, मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या. ते दुसरे थांबणे पाहायला मामा नव्हते. अखेरच्या दिवसांत त्यांना भेटायला गेलो, तेव्हा त्यांना त्या पॅकिंगची आठवण करून दिली. ते हसले आणि म्हणाले, "मला रात्रीच शंका आली होती. शेलॅकचा डबा अर्धा झाला होता."

"मग तेव्हाच का नाही बोललात, मामा?"

"गाडी तर सकाळशिवाय सुरू होणार नव्हती," ते म्हणाले. "रात्र तुझी होती."

बँकेत दिवसाचा हिशेब मिटवताना माझ्या हाताखालच्या तरुण मुलांना मी रोज एक प्रश्न विचारीत असे. तो मी कुठून उचलला, हे त्यांना ठाऊक नव्हते. उत्तर येईपर्यंत मी थोडा वेळ थांबत असे.