माशा बांधणारे साडूभाऊ

मासे मिळवण्याचे दोनच मार्ग मला ठाऊक होते. एक, बाजारात जाऊन कोळणीशी हुज्जत घालायची. दुसरा, शेजारून वाटी येण्याची वाट पाहायची. तिसरा मार्ग आमच्या साडूभाऊंनी शोधून काढला. तो न्यू जर्सीहून निघतो, विमानानं बेलीझला जातो, तिथून छोट्या विमानानं कॅरिबियन समुद्रातल्या अँबरग्रिस की नावाच्या बेटावर उतरतो आणि हातात काठी घेऊन गुडघाभर पाण्यात उभा राहतो. एवढं करून मासा मिळालाच, तर सोडून द्यायचा!

“सोडून द्यायचा?” मालवणहून सासूबाईंनी फोनवर तीनदा विचारलं. “अहो, मग जेवायला काय करायचं?”

या माशाचं नाव बोनफिश. नावातच हाड असलेला मासा सोडून देण्यात मोठा त्याग आहे असं मला तरी वाटत नाही. पण बेलीझमध्ये २००९ पासून तसा कायदाच आहे. बोनफिश, टार्पन आणि परमिट हे तिन्ही मासे धरले तर पुन्हा पाण्यात सोडलेच पाहिजेत. यांतला परमिट मिळणं सर्वांत कठीण, असं साडूभाऊ गंभीरपणे सांगतात. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

हे मासे ‘माशी’नं धरतात. माशी म्हणजे गळाला पिसं, केस आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी कोळंबी. उमेदीच्या वयात साडूभाऊ नुसते माशा मारतात असं नातेवाईक म्हणत. आता बाहेर बर्फ पडत असतं आणि ते रात्री जेवणानंतर दिव्याखाली बसून माशा बांधत असतात. प्रगती ती हीच.

तयारीची यादी तर लग्नाच्या यादीला लाजवील. आठ नंबरची काठी, पाण्यावरची चमक मारणारा पोलरॉइड चष्मा, पाण्यात चालायचे बूट. पाण्यात पाऊल उचलून टाकायचं नाही, घासत न्यायचं. वाळूत पाकट दडलेली असते. सबंध बेतात सासूबाईंना पटलेली ही एकच गोष्ट.

अडचण होती ती महिन्याची. हिवाळ्यात तिथं अधूनमधून उत्तरेचं वारं सुटतं. आभाळ भरतं, उथळ पाणी गार पडतं, आणि मासे खोल पाण्यात निघून जातात. म्हणून मी म्हटलं, “भाऊ, एप्रिल-मेमध्ये जाऊ. हवा चांगली असते.”

ते माशीला गाठ मारत होते. वर न बघता म्हणाले, “हवा चांगली असेल हो. डोळ्यांचं काय?”

त्यांना काचबिंदू आहे. औषधानं उरलेली नजर जपता येते. गेलेली परत येत नाही. आणि ती जाते कडांकडून. समोरचं दिसत राहतं, बाजूचं हळूहळू पुसलं जातं. इतर ठिकाणी गळ टाकून डोळे मिटून बसलं तरी चालतं. इथं आधी मासा दिसावा लागतो. आणि बोनफिशचे खवले आरशासारखे. खालची वाळूच त्याच्या अंगावर दिसते. कधी नुसती सावली सरकते, कधी तो खेकडे टिपायला तोंड खाली घालतो तेव्हा शेपटीचं टोक पाण्यावर चमकतं. होडीचं टोक म्हणजे बारा वाजले असं धरून वाटाडी ओरडतो, “दहा वाजता, चाळीस फूट!” आणि साडूभाऊंचे नऊ-दहा हल्ली अंधुक झालेत.

मग मी एप्रिलचं नाव काढलं नाही. फेब्रुवारीतले सहा दिवस ठरले. दोन वाऱ्यात जाणार हे धरूनच. कामंही वाटली. मला काठी धरता येत नाही, तेव्हा मी त्यांच्या डाव्या हाताला उभं राहायचं. नऊ ते अकरा माझ्याकडे. उजवी बाजू वाटाड्याकडे. समोरचे बारा त्यांचे स्वतःचे.

पोलरॉइड चष्मा मीही करायला टाकलाय, माझ्या नंबरचा. परवा हिनं सासूबाईंना डोळ्यांचं सगळं सांगितलं. त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “सोडा हो, सोडा. पण मोठ्या जावयांना आधी नीट बघू दे म्हणावं.”