ऋजुता की रिजुता?

मैत्रिणींनो, लेकीचे नाव ठेवताना तुम्ही किती दिवस खल केलात? आम्ही चांगले दोन महिने केला. माझ्या शाळेत एकेका वर्गात तीन स्नेहल नि चार पूजा. मी त्यातलीच एक, आडनावाच्या आद्याक्षराने ओळखली जाणारी. म्हणून लेकीचे नाव गल्लीत दुसऱ्या कुणाचे नसावे हा माझा हट्ट. बी.ए.ला संस्कृत होते, त्यातून शोधून काढले: ऋजुता. ऋजू म्हणजे सरळ, ऋजुता म्हणजे सरळपणा.

बारशाला वन्सं इंदूरहून सांगलीला आल्या. कानात नाव सांगायचा मान आत्याचा. पाठीत धपाटे बसले, कुर्रर्र झाले आणि वन्संनी मोठ्याने जाहीर केले, "रिजुता!"

मी हळूच म्हटले, "वन्सं, रुजुता."

"अगं, आमच्याकडे असंच म्हणतात," त्या हसून म्हणाल्या. सासूबाईंनी तर त्याच दिवशी तिची ‘रुजू’ करून टाकली. जणू पोर कचेरीत कामावर रुजू झाली!

वन्संचे काही चुकले नव्हते म्हणा. ‘ऋ’ला आपण मराठीत ‘रु’ म्हणतो, हिंदीत ‘रि’. आमच्या सांगलीची कृष्णा बोलताना ‘क्रुष्णा’ असते, पण इंग्रजीत लिहिताना तिच्यात ‘आय’च येतो. लेकीच्या कागदपत्रांतही तेच झाले. जन्मदाखल्यावर ‘आर-यू’, आधारकार्डावर ‘आर-आय’. दुरुस्तीसाठी हेलपाटे घातले ते मीच जाणे. तुमच्या घरी बाळ येणार असेल तर एवढे ध्यानात ठेवा. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची, पण नाव ठरले नसेल तरी अडत नाही. ते पुढे वर्षभरात विनाशुल्क घालता येते. तेव्हा घाई न करता इंग्रजी स्पेलिंग आधी घरात ठरवा, कागदावर लिहून न्या. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना तर शाळेपासून पासपोर्टपर्यंत हाच दाखला लागणार आहे.

एव्हाना आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांच्या पुस्तकांमुळे नाव पुष्कळांच्या कानावरून गेले आहे. लेकीच्या शाळेत दुसरी ऋजुताही आहे. दुर्मीळपणा गेला, उच्चाराचा घोळ तेवढा राहिला.

पण खरी गोष्ट पुढेच आहे.

मी आठवड्यातून तीन दिवस एका शाळेत मराठी शिकवते. जूनमध्ये पाचवीत एक नवी मुलगी आली, आईवडील उत्तर प्रदेशातले. हजेरी घेताना मी ‘प्रज्ञा’ म्हटले, उत्तर नाही. पुन्हा म्हटले. शेजारणीने ढोसले तेव्हा ती उठून म्हणाली, "मॅडम, प्रग्या."

"बाळ, प्रद्न्या म्हणतात. म्हण पाहू." सगळ्या वर्गासमोर मी तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतले. शुद्ध उच्चार शिकवल्याचे समाधान घेऊन घरी आले. त्यानंतर ती ‘हजर’ म्हणायची, पण इतक्या बारीक आवाजात की मान वर करून बघावे लागे. मला वाटले, लाजाळू असेल.

आणि एका संध्याकाळी लेक फुरंगटून आली. नव्या बाई तिला रिजुता म्हणतात. सांगितले तर म्हणाल्या, तेच बरोबर. माझे डोकेच फिरले. "नाव तुझं ना? मग तुला विचारायला नको?" मी तावातावाने बोलून गेले आणि लाटणे हातातच राहिले. तव्यावरची पोळी करपली ती करपलीच.

‘ज्ञ’ म्हणजे ‘ज्’ आणि ‘ञ’. आपला ‘द्न्य’ त्यात नाही, हिंदीचा ‘ग्य’ही नाही, गुजरातीतला ‘ग्न’ही नाही. ‘ऋ’ तर मुळात स्वर, ना रु ना रि. हे मी कॉलेजात शिकले होते, परीक्षेत लिहिलेही होते.

सोमवारी हजेरीला मी म्हटले, "प्रग्या." दोघीतिघी खुदकन हसल्या. ती दचकून उठली. मी सगळ्यांदेखत म्हटले, "त्या दिवशी माझं चुकलं हं."

मधल्या सुट्टीत ती टेबलापाशी येऊन उभी राहिली. "मॅडम, इथे प्रद्न्या म्हटलं तरी चालेल. मैत्रिणी तसंच म्हणतात." मग जरा थांबून म्हणाली, "पण आई येईल तेव्हा प्रग्या म्हणाल?"