न लिहिलेली वही

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या अड्याळात दुकानदार नव्या वह्यांना हळदकुंकू वाहतात. मी पडलो मास्तर, त्यातून कादंबऱ्या लिहिणारा. दुसऱ्यांना गुण देणे हा पोटाचाच धंदा. म्हणून असेल, मला त्या वेळी निराळ्याच वह्या आठवतात.

कुराणाच्या सतराव्या अध्यायात कयामतीच्या दिवसाचे वर्णन आहे. माणसाच्या कर्मांची वही त्याच्यापुढे उघडी ठेवतात आणि ती त्याची त्यानेच वाचायची असते. हिशेबनीसही तोच! मत्तयाच्या शुभवर्तमानातला न्याय वेगळा. पंचविसाव्या अध्यायात राजा विचारतो ते भुकेल्याचे, उघड्याचे, बंदिवानाचे. आणि उजवीकडचे काय, डावीकडचे काय, सारेच चकित होतात. आपण काही केले किंवा टाळले, हे कुणाच्या ध्यानीही नसते. मला तर हाच न्याय अधिक धास्तीचा वाटतो. जे टिपूनच ठेवले नाही, ते वाचणार कसे?

हे विचार मराठीला परके नाहीत, बरे का. फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राशोलला छापले गेले. त्याच शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' रचला. त्यातले युद्ध माणसाचे स्वतःच्याच विकारांशी.

आता धानाची कापणी तोंडावर आली आहे. मजुरीचा हिशेब आमच्याकडे सौभाग्यवती ठेवतात. परवा मी विचारले, "दुपारी बांधीवर शिदोरीवाचून कोण कोण बसते, ते लिहितेस का ग?"

"त्याला वहीत रकाना कुठे आहे?" ती म्हणाली.