राक्षस घडवणारी मुले

भीतीला आकार देता आला की तिच्यावर ताबा मिळवणे मुलांना सोपे जाते, आणि राक्षस रंगवण्याच्या किंवा त्याच्याविषयी लिहिण्याच्या उपक्रमांचे खरे मोल याच शक्यतेत आहे. गोव्यात नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री उभे राहणारे नरकासुर, म्हणजे लाकूड-बांबूच्या सांगाड्यावर गवत व रद्दी कागद चढवून आणि वर मुखवटा बसवून केलेले अक्राळविक्राळ पुतळे, मोठ्यांबरोबर मुलांच्याही हातून घडतात आणि पहाटे जाळले जातात; ज्याचे सुळे स्वतः रंगवले त्याचा शेवटही स्वतः पाहायचा, हा अनुभव मुलांना धीर देणारा असतो. मॉरिस सेंडाक यांच्या १९६३ सालच्या ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ या चित्रपुस्तकातला मॅक्स हा मुलगाही अजस्र प्राण्यांपासून पळत नाही, तर त्यांचा राजा होतो. चित्राला लेखनाची जोड मिळाली आणि राक्षस काय खातो, कुठे राहतो, कशाला घाबरतो हे मुलांनी स्वतःच्या शब्दांत मांडले, तर कल्पनाशक्तीबरोबरच समानुभूती, म्हणजे दुसऱ्याच्या मनात शिरून पाहण्याची क्षमता, वाढीस लागते. म्हणूनच मुलांचा राक्षस मोठ्यांनी सुबक करू नये. त्याचे वेडेवाकडेपण तसेच राहू द्यावे.