शीळफाट्यावरील कबुली

शीळफाट्यावर वाहने अडून राहिली म्हणजे माणसास मनातले बोलण्यावाचून दुसरा उद्योग उरत नाही. परवा डोंबिवलीहून पनवेलकडे जाताना आम्ही तेथे असेच अडकलो. गाडी चालविणाऱ्या पुतण्याने खिशातून एक कागद काढून आमच्या हाती दिला व मान फिरवली. तो त्याच्या वीर्यतपासणीचा अहवाल होता.

"काका, दोष माझ्यात निघाला," एवढेच तो म्हणाला.

लग्नास सहा वर्षे झालेली. सूनबाईच्या तपासण्या, औषधे, सुया सारे होऊन गेल्यावर मग याची पाळी आली होती! मिलिलिटरमागे चाळीस लाख शुक्रजंतू. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दिलेली खालची मर्यादा एक कोटी साठ लाखांची. तथापि ही मर्यादा म्हणजे वंध्यत्वाचा शिक्का नव्हे. शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. मध्यंतरीच्या एखाद्या कडक तापानेही संख्या घटते, म्हणून तपासणी पुन्हा करावी लागते. संख्या अगदी थोडी असली, तरी एकच शुक्रजंतू सुईने स्त्रीबीजात सोडून मूल होऊ शकते, हे १९९२ साली सिद्ध झाले. मात्र पित्याच्या वाय गुणसूत्रातील तुटीमुळे संख्या घटली असेल, तर या उपायाने झालेल्या पुत्राकडेही ती तूट वारशाने जाते. तेव्हा पुरुषाने वेळीच तपासून घेणे, हे पत्नीचे जसे देणे, तसेच जन्मास येणाऱ्या बाळाचेही.

हे त्यास समजावून सांगताना आमचीच जीभ अडखळली. आमचे लग्न १९९३ सालचे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी ६ ऑगस्ट १९८६ रोजी जन्मलेली परीक्षानळीतील बालिका तेव्हा सात वर्षांची होती. पांडूची कथा तर आम्हांस बाळपणापासून पाठ. तरीही अकरा वर्षे आम्ही सौभाग्यवतीसच डॉक्टरांकडे व देवांकडे पाठवीत राहिलो. डॉक्टरांनी दोनदा आम्हांसही बोलाविले. दोन्ही वेळा आम्ही उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पुढे केले. नातलग तिला वांझ म्हणत, आणि आम्ही ऐकून घेत असू. दोष कोणाचा, हे आजही आम्हांस ठाऊक नाही. ते ठाऊक होऊ नये, हीच तर आमची धडपड होती.

"सूनबाईस हा कागद दाखविलास?"

"नाही, काका."

"आज रात्री दाखव."

कोंडी सुटली. त्या रात्री आम्हीही सौभाग्यवतीजवळ जाऊन बसलो. तीस वर्षे उशिराने.