पेन्शन घेऊन नागसेनवनाच्या शेजारी

आपल्या समाजात पेन्शन हा शब्द फार जुना नाही. लष्करातल्या पेन्शनरांची थोडी घरं सोडली तर आमच्या आज्या-आजोबांच्या पिढीत माणूस निवृत्त होतच नव्हता. हातपाय चालेनासे झाले की घरी बसायचा. आरक्षणातून नोकरीला लागलेल्या पिढ्यांमुळे आता कुठे खेडोपाडीच्या आपल्या घरांत ग्रॅच्युइटी, अंशराशीकरण, पेन्शन हे शब्द आले. त्यामुळे निवृत्तीनंतर कसं राहावं, कुठं राहावं, याची वहिवाट आपल्याकडे नाही. प्रस्थापितांकडे ती आहे. पुण्याला एकाच तोंडाने पेन्शनरांचं पुणे आणि विद्येचं माहेरघर म्हणतात, ते काही उगाच नाही. तिथल्या पेन्शनरांनी व्याख्यानमाला चालवल्या, वाचनालयं सांभाळली, संस्थांच्या कार्यकारिण्यांवर बसले. त्या संस्थांची दारं कोणासाठी किती उघडी होती, हा भाग वेगळा.

आमचं दोघांचं मूळ गाव हिंगोली जिल्ह्यातलं. एकाची सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत गेली, दुसरीची सरकारी दवाखान्यांत परिचारिका म्हणून. निवृत्तीचे पैसे हातात आल्यावर आम्ही औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, घर केलं. विद्यापीठ आणि नागसेनवन पायी जाण्याच्या अंतरावर. आमच्या गल्लीत बहुतेक आमच्यासारखेच: निवृत्त तलाठी, एस.टी.चे वाहक, बँकेतले, समाजकल्याणमधले. प्रत्येकाने नोकरीच्या गावी आयुष्य काढलं, आणि शेवटी इथं आला. का आला, हे विचारलं तर एकच उत्तर मिळतं: बाबासाहेबांची भूमी आहे.

हे उत्तर खरं आहे, पण अर्धं आहे. दुसरा अर्धा भाग असा, की दुसरीकडे घर मिळत नाही. याच शहराच्या एका चांगल्या समजल्या जाणाऱ्या वसाहतीत आम्ही आधी भाड्याने घर बघत होतो. घरमालक गोड बोलले, चहा दिला, आणि मग पूर्ण नाव विचारलं. आडनाव ऐकल्यावर त्यांच्या पुतण्याला अचानक त्याच घरात राहायला यायचं ठरलं. साठी ओलांडलेल्या, दोन पेन्शनी असलेल्या माणसांना हे ऐकावं लागतं, तर एकोणीस वर्षांच्या मुलाला किती ऐकावं लागत असेल? नागसेनवनाच्या आसपास दारावर अशोकचक्र लावता येतं, सकाळी मोठ्याने वंदना म्हणता येते. निवृत्तीच्या ठिकाणाचे फायदे मोजणाऱ्या लोकांच्या यादीत हा फायदा कधी नसतो, कारण त्यांना तो कधी मोजावाच लागला नाही.

बाकीचे फायदे थोडक्यात सांगतो. घाटीचं मोठं रुग्णालय जवळ आहे. गर्दी आहे, पण तज्ज्ञ डॉक्टर आहेत, आणि म्हातारपणात तेच लागतं. परिसंवाद असतात, पुस्तकं मिळतात, विद्यापीठामागच्या डोंगरात लेणी आहेत. १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटसमोर मराठवाडा लोटतो आणि रस्त्यावरच्या स्टॉलवर आपलं वर्षभराचं वाचन विकत घेता येतं. प्राचार्य म. ना. वानखेडे, गंगाधर पानतावणे या माणसांनी मिलिंदच्या परिसरात साहित्याची चळवळ उभी केली, त्या रस्त्यावरून संध्याकाळी फिरायला जाणं ही साधी गोष्ट नाही.

तोट्यांत पहिलं पाणी. जायकवाडी एवढं जवळ असून नळाला कित्येक दिवसांआड पाणी येतं. खेड्यातून सुटून शहरात आलेला म्हातारा इथंही ड्रम भरत बसतो.

पण आम्हाला खुपणारे तोटे वेगळे आहेत, आणि त्यांची जबाबदारी आपल्याच वर्गाकडे येते.

किनवट, जिंतूर, अंबाजोगाईकडून येणारा मुलगा वसतिगृहात नंबर लागला नाही की खोली शोधत फिरतो. आता कॉटवर भाडं चालतं: एका खोलीत चार कॉट, एक नळ, मेसचा डबा वेगळा. स्वाधार योजनेचे पैसे येतात, पण खोलीचं भाडं महिन्याच्या महिन्याला द्यावं लागतं आणि योजनेचे पैसे महिना बघून येत नाहीत. मधल्या काळात तो काय करतो? रात्री कुठंतरी कामाला जातो आणि सकाळी तासाला पेंगतो. आणि या खोल्यांचे मालक कोण? बऱ्याच ठिकाणी आपणच. निवृत्तीच्या पैशातून वरचा मजला चढवायचा आणि त्याचं भाडं दरवर्षी वाढवायचं, हा आमच्या गल्लीतला आवडता विषय आहे. वर पुन्हा ऐकायला मिळतं: पोरांना देऊ नका, गोंधळ करतात, फॅमिलीला द्या. आडनावामुळे आपल्याला घर नाकारणाऱ्यावर आपण चिडतो ते बरोबरच आहे. मग आपल्याच पोराला तो विद्यार्थी आहे म्हणून घर नाकारताना आपल्याला काही कसं वाटत नाही? भाडं घेऊच नका, असं आमचं म्हणणं नाही. पेन्शनीवर औषधं भागत नाहीत, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण शिष्यवृत्ती जमा होईपर्यंत थांबणं मालकाच्या हातात असतं.

दुसरा तोटा गावाचा आहे.

१९५० साली बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं महाविद्यालय औरंगाबादला काढलं, कारण निजामाच्या राज्यातून नुकत्याच सुटलेल्या मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय जवळजवळ नव्हती. ते शहरात काढलं, पण काढलं खेड्यांतल्या पोरांसाठी. पुढे २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यातल्या गावागावांत आपल्या वस्त्या जाळल्या गेल्या. पोचीराम कांबळे, जनार्दन मवाडे हे नांदेड जिल्ह्यातल्या खेड्यांतले होते. १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंत लागलेली सोळा वर्षं ज्यांनी सोसली, त्यांतल्या कित्येकांनी या विद्यापीठाचं गेट पाहिलंही नसेल. आम्ही पेन्शनर रोज त्या गेटसमोर मॉर्निंग वॉक करतो.

आणि आमच्या गावात आज काय आहे? गायरानावरच्या अतिक्रमणाच्या नोटिसा वाचून दाखवायला माणूस नाही. ॲट्रॉसिटीची फिर्याद लिहून घेताना ठाणे अंमलदार कलमं गाळतो, तेव्हा शेजारी उभं राहून बोट ठेवणारा नाही. आमची नावं इथल्या मतदार यादीत आली, त्या दिवशी गावच्या ग्रामसभेत बोलायचा आमचा हक्क संपला. वस्तीत कायदा वाचता येणारी, हुद्द्यामुळे समोरच्याला थोडी दचकवणारी चार माणसं होती. चारही शहरात गेली. १८ मार्च १९५६ ला आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाबद्दल जी खंत बोलून दाखवली, ती दर १४ एप्रिलला आपण एकमेकांना ऐकवतो. ऐकवणारे सगळे याच वसाहतीत राहतात.

मग गावाला परत जावं का? आमचं मत, नाही. ज्या गावाबाहेरच्या वस्तीतून बाबासाहेबांनी बाहेर पडायला सांगितलं, तिथं म्हातारपणी परत जाऊन राहा असं सांगणारा बहुधा स्वतः शहरात राहत असतो. दवाखान्यासाठी, मानासाठी शहरात यायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. प्रश्न इथं आल्यावर दिवस कसा घालवायचा, याचा आहे.

यात आम्हाला सुभेदार रामजी आठवतात. आपल्या परंपरेतले ते एक ठळक पेन्शनर. निवृत्त झाल्यावर ते कोकणात किंवा साताऱ्यात स्वस्थ राहू शकले असते. पण ते परळच्या डबक चाळीतल्या एका खोलीत मुलाच्या शिक्षणासाठी येऊन राहिले, पहाटे त्याला अभ्यासाला उठवलं, पुस्तकांसाठी लेकींचे दागिने गहाण ठेवले. एक पेन्शनर शिक्षणाच्या शहरात राहायला आला, त्यातून काय घडलं ते आपल्यासमोर आहे. मात्र त्यांच्यात आणि आपल्यात एक फरक आहे. आपली मुलं शिकून पुण्याला, हैदराबादला गेली, काही परदेशात आहेत. इथं आपल्याला पहाटे उठवायला स्वतःचा भीमराव उरलेला नाही. जे आहेत ते दुसऱ्यांचे आहेत, आणि चार कॉटच्या खोलीत आहेत.

त्यांना आपल्याकडून भाषण नको आहे. आमच्याकडे येणारी पोरं काय विचारतात ते सांगतो. महाडीबीटीवर अर्ज परत आला, कारण कळत नाही. जात पडताळणीला वडिलांच्या शाळेचा निर्गम उतारा हवा आणि मुख्याध्यापक देत नाहीत. उत्पन्नाचा दाखला अडीच लाखांच्या वर कसा गेला, बाप तर मजुरी करतो. सेटचा फॉर्म, गाइडची सही, मुलीला घरून आलेला लग्नाचा फोन. तीस-पस्तीस वर्षं आपण या कचेऱ्यांत काढली, कोणता कागद कोणत्या टेबलावर अडतो हे आपल्याला तोंडपाठ आहे. निवृत्त तलाठ्याने लिहून दिलेला चार ओळींचा अर्ज पोराच्या दहा फेऱ्या वाचवतो. परिचारिकेने हात धरून घाटीत नेलेली मुलगी रक्तक्षयाच्या गोळ्या नियमित घेते. विहारात हे दोन तास रोज होऊ शकतं. सध्या आमच्या विहारात संध्याकाळी बांधकाम समितीचा हिशेब आणि गेल्या जयंतीच्या वर्गणीवरून भांडण चालतं.

गावाचा धागाही याच पोरांतून धरता येतो, असा आमचा अनुभव आहे. कायदा शिकणारी दोन मुलं आम्ही गेल्या उन्हाळ्यात गावी घेऊन गेलो. त्यांनी वस्तीतल्या गायरानधारकांचे कागद पाहिले, कोणाचा ताबा कधीपासूनचा याची यादी केली, जुन्या दंडाच्या पावत्या शोधायला लावल्या. एका म्हातारीच्या पेटीत, साडीच्या घडीत, अशा पावत्या निघाल्या. तिला वाटत होतं, दंड झाला म्हणजे आपण चोर ठरलो, म्हणून तिने त्या कोणाला दाखवल्या नव्हत्या. तोच दंड तिच्या ताब्याचा पुरावा आहे, हे त्या पोराने तिला समजावून सांगितलं. एस.टी.चं भाडं आणि दोन दिवसांचा स्वयंपाक, एवढाच आमचा खर्च झाला.

आमच्या गल्लीत सध्या सहा निवृत्त घरं आहेत. तिघांनी होकार दिलाय, दोघं विचार करून सांगतो म्हणालेत, एकाने वरच्या मजल्याचं काम काढलंय. प्रवेशाचे अर्ज जूनमध्ये सुरू होतील. खालच्या खोलीत टेबल आणि प्रिंटर ठेवलाय. पाण्याचा दिवस सोडून सकाळी आठ ते दहा आम्ही तिथं बसतो.