कारंज्याच्या वेशीपाशी

मुलांनो, कारंजा लाड म्हणजे नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव, जुन्या वेशींचं गाव. सहलीत दिल्ली वेस पाहताना एका खेळाडू मुलीनं विचारलं, "सर, कॉलेजवाले बास्केटबॉलचं मैदान कुठल्या पैशांतून बांधतात?"

मैदान २८ बाय १५ मीटर. वर छप्पर घातलं की खर्च वाढलाच! अमेरिकेतली मोठी विद्यापीठं तिकिटं, टीव्हीचे हक्क आणि माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांतून सरावाचं सभागृहच उभारतात. दारावर देणगीदाराचं नाव! आपली भिस्त सरकारी अनुदानावर. तालुका क्रीडा संकुलासाठी राज्यानं २०२२ मध्ये मर्यादा एक कोटीवरून पाच कोटींवर नेली. कारंज्याला देणग्या नव्या नाहीत. १९१८ चं महावीर ब्रह्मचर्याश्रम गुरुकुल देणग्यांवरच चाललं. खेळासाठी मात्र आपला हात आखडतो.

"मग आपल्या शाळेच्या रिंगला जाळी कोण देणार?" ती म्हणाली. मी खिसा चाचपला.